करंजधरीची वर्दळ

करंजधरीचा रस्ता वाहनगणनेत जिल्ह्यात पहिला आला. सरपंचाला शाल मिळाली, नारळ मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला आणि फोटोत सरपंचापेक्षा नारळ स्पष्ट दिसला. आता हे सगळं विसरा. असं काही घडलंच नाही असं धरून चला. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात अच्युतलाही पुढे तसंच धरून चालावं लागलं.

तर डिसेंबर महिना. वर्ध्याच्या कार्यालयात जिन्याखाली जिथे मोडक्या खुर्च्या निर्लेखनाची, म्हणजे भंगारात निघायची, वाट बघत एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या असतात, तिथे अच्युत तोंडावर हात धरून फोनवर बोलत होता.

"बापूजी, ऐकू येऊन राह्यलं का?"

"तू हळू काऊन बोलून राह्यला? घसा बसला का?"

"घशाचं जाऊ द्या. सोमवारपासून आपल्या रस्त्यावर साहेबाचा माणूस बसनार हाय. तीन दिवस. रस्ता पाह्याले. पुलाचं सारं याच्यावरच हाय. गावात सांगून ठेवा, पन माहं नाव घेऊ नका. आन् त्या दिवशी रस्त्यावर..."

इतक्यात जिन्यावरून उपअभियंता प्रभाकरराव उतरले. आपल्याच गावच्या रस्त्याची आतली बातमी गावाला देणारा कर्मचारी त्यांना जिन्याखाली सापडणं बरं दिसलं नसतं. अच्युत फोनवर मोठ्यांदा म्हणाला, "हो हो, सिलिंडर भरून ठेवा," आणि फोन ठेवला.

'त्या दिवशी रस्त्यावर' च्या पुढचं वाक्य राहून गेलं. तेवढंच महत्त्वाचं होतं. पण अच्युतला वाटलं, न सांगताही समजेल. गाड्या मोजायला माणूस येतो तर गाड्या न्यायच्या, यात सांगायचं काय? फक्त, गाड्या मोजायला येतोय हेही सांगायचं राहिलं होतं.

अच्युत त्या कार्यालयात कनिष्ठ सहायक होता आणि निवृत्तीपर्यंत कनिष्ठच राहील अशी चिन्हं होती. त्याचं मुख्य काम म्हणजे रस्ते आणि पूल यांच्या प्राधान्यक्रमाची यादी टंकलिखित करणं. कोणत्या रस्त्याला आधी पैसे द्यायचे ते ही यादी ठरवते. यादी कोण ठरवतं, हे विचारायचं नसतं. कागदावर मात्र सगळं चोख. गावाच्या लोकसंख्येला गुण, शाळेला गुण, बाजाराला गुण, आणि सगळ्यांत जास्त गुण रस्त्यावरच्या वर्दळीला. शेवटी 'इतर' नावाचा एक रकाना. त्या रकान्यात कुणाचं तरी पत्र येऊन बसलं की रस्ता तळातून उडी मारून डोक्यावर जातो. करंजधरीच्या 'इतर'मध्ये आजवर आडवी रेघ होती. गाव लहान. आंजीच्या पुढे आत गेलं की डांबर संपतं, मग खडी संपते, मग काटनाला येतो आणि नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे नाल्याने परवानगी दिली तर रस्ता, नाही तर नाला.

बापूजी त्या नाल्यापलीकडे राहत. बापूजी हे त्यांचं नाव होतं; लहानपणापासून सगळं गाव हेच म्हणे, म्हणून त्यांचा मुलगा अच्युतही हेच म्हणू लागला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्यांनी एकाच वेळी राजीनामा दिला. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, त्यांना डायलिसिससाठी सेवाग्रामला न्यावं लागे. सरपंच रूपराव स्वतःच्या काळीपिवळी जीपमधून नेऊन आणत असे. उन्हाळा-हिवाळा ठीक. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की संपलं. मागच्या पावसाळ्यात एकदा चार दिवस पाणी उतरलं नाही, तेव्हा बापूजींचे पाय रांजणासारखे सुजले होते. तेव्हापासून अच्युतने एकच लावून धरलं होतं: पूल झाला तर ठीक, नाही तर पुढच्या मृगाला तुम्ही वर्ध्याला, माझ्याकडे. आणि बापूजींनीही एकच लावून धरलं होतं.

"मी दुसऱ्या माळ्यावर राह्यत नसतो. मानूस काय कबूतर हाय?"

तेव्हा पूल. पुलाला पैसे हवेत आणि पैशांना खर्चाचं लेखाशीर्ष. हे समजावताना बापूजींनी एकदा विचारलं होतं, "त्या शीर्षाले खाली धड हाय का नाई?" अच्युतला तिथे दहा वर्षं झाली होती. त्याने विचार करून सांगितलं, "पाह्यलं नाई."

गणनेचे तीन दिवस संपले आणि बुधवारी संध्याकाळी पियुषचा कागद टेबलावर आला. पियुष हा ठेकेदार एजन्सीचा गणना करणारा. डिप्लोमा झालेला, उन्हाने रापलेला, आणि यावेळी चक्क तुकतुकीत दिसणारा.

"काय सर तुमचं गाव!" तो म्हणाला. "मी एवढे पॉइंट केले, पण अशी खातिरदारी नाही पाहिली. सकाळी तर्री-पोहे, दुपारी पुरणपोळी, आणि सोबत पाटोडी. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, राहू द्या हो, पोट बिघडेल. तर ओव्याची पुडी घेऊन आले."

अच्युतने कागद बघितला. तीन दिवसांची एकूण वर्दळ, दोन्ही दिशा मिळून: दोन वाहनं.

"दोन?"

"दोन्ही माझीच मोटरसायकल आहे सर. पहिल्या दिवशी येताना एक, शेवटच्या दिवशी जाताना एक. खोटं कशाला लिहू?"

अच्युतने जिना गाठला.

"बापूजी, गावातल्या गाड्या कुठे गेल्या होत्या?"

"कोठ्यात," बापूजी अभिमानाने म्हणाले. "एकबी रस्त्यावर येऊ देल्ली नाई."

"काऊन पन?"

"काऊन म्हंजे? तूच म्हनला का साहेबाचा मानूस रस्ता पाह्याले येऊन राह्यला. रूपरावनं सभा घेतली. म्हने, रस्त्यावर काही असंन तं रस्ता दिसंन कसा? बैलबंड्या वावरात ठेवल्या, ट्रॅक्टर कोठ्यामागं, ढोरं नाल्याकडं. बायांनं सडा टाकला, रांगोया काढल्या. कलेक्टर आलता तवा बी एवढा साफ नव्हता रस्ता."

अच्युत खाली बसला. खाली खुर्ची होती, पण तिला बैठक नव्हती.

"मंग सोमवारी तुम्ही दवाखान्यात गेले कसे?"

"वावरातून गेलतो. नाल्यात पानी कमीच होतं, रूपरावनं जीप तिकूनच काढली. रांगोयीवरून गाडी नेनं बरं दिसते का?"

म्हणजे ज्या एका माणसासाठी पूल हवा होता, तो माणूस पाहुण्यासमोर अदब म्हणून कपाशीच्या शेतातून गेला होता. आणि पियुष गावाने त्याच्यासाठी घातलेल्या मंडपात बसून मोकळा रस्ता मोजत होता.

दुसऱ्या दिवशी अच्युत प्रभाकररावांसमोर उभा राहिला. प्रभाकरराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर जिल्ह्याचा नकाशा काचेखाली होता आणि करंजधरी जिथे यायला हवं होतं तिथे चहाच्या कपाचा डाग होता.

"दोन वाहनं," प्रभाकरराव म्हणाले. "अरे, शेतातल्या पांदण रस्त्यावर यापेक्षा जास्त असते. दोन गाड्यांसाठी मी पूल मागू? वरचे म्हणतील, त्या गाड्यांच्याच मालकाले पैसे देऊन टाका, स्वस्त पडते."

"सर, लोकांचा गैरसमज झाला."

"गैरसमजाले गुण नाहीत आपल्याकडे. बाजार आहे का गावात?"

"नाही सर."

"तीर्थक्षेत्र?"

"मारुती आहे."

"मारुती कुठे नाही? मारुतीवर पैसे मिळाले असते तर जिल्हाभर उड्डाणपूल झाले असते." त्यांनी डागावरच कप ठेवला. "ग्रामपंचायतीचा ठराव आण. मेमध्ये फेरगणना लावतो. पण या वेळी रस्त्यावर काही दिसू दे, यार. कमीत कमी एकदोन बैलबंड्या. तुला माहीत आहे ना, हिशेबात एका बंडीची सहा मोटारींएवढी वर्दळ धरतात? ती जागा अडवते, हळू जाते. कागदावर बंडी म्हणजे मोठी असामी आहे."

अच्युतला ते माहीत होतं. फक्त गावाने ज्या बंड्या लाजेखातर शेतात लपवल्या, त्याच सगळ्यांत भारी होत्या, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

या वेळी त्याने काही मोघम ठेवलं नाही. रविवारी स्वतः गावात गेला. मारुतीच्या पारावर रूपराव आणि चारपाच जण जमले. गाड्या मोजणार आहेत, गाड्या जायला पाहिजेत, रांगोळी घालायची नाही, पुरणपोळी तर मुळीच नाही, असं त्याने एकेक करून सांगितलं. बंडीचं महत्त्वही सांगितलं. तिथेच चूक झाली.

"एक बंडी म्हंजे सहा मोटारी?" रूपरावने विचारलं.

"हाव. कागदावर."

"आन् ते बंडी वापस आली तं?"

"तं आनखी सहा."

रूपरावने बोटांवर हिशेब केला. त्याची एकच काळीपिवळी होती. तिच्या आयुष्यभराच्या फेऱ्यांपेक्षा गावातल्या म्हाताऱ्या बैलांची किंमत जास्त आहे, ही गोष्ट पचायला त्याला वेळ लागला. मग तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "तू जाय बाप्पा वर्ध्याले. आता आमी पाह्यतो."

"जास्त नका करू, भाऊ. नेहमी जाते तेवढंच."

"हाव हाव. नेहमीसारकंच."

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार, फेरगणना लागली. पहिल्या दिवशी गावातल्या सगळ्या बंड्या निघाल्या. रिकाम्याच. रपट्यापर्यंत जायचं, पलीकडच्या बाभळीला वळसा घालायचा आणि परत यायचं. बैलांना उन्हाळ्यात काम नसतं, ते आधी खूश झाले. दुसऱ्या दिवशी नात्यागोत्यातल्या बंड्या आल्या; आंजीहून आल्या, नाचणगावहून रूपरावचा मेहुणा ट्रॅक्टर घेऊन आला. एकाने लेकीच्या लग्नाची वरात मुद्दाम त्याच दिवशी ठेवली आणि नवरदेवाची बंडी पाच वेळा नाल्यावर नेली. नवरदेव सहाव्यांदा उतरून गेला.

पियुषने दुपारी फोन केला.

"सर, गावात काही घडलं आहे का? लोक गाव सोडून जात आहेत का?"

"का?"

"आणि लगेच परत का येत आहेत?"

अच्युतने रूपरावला फोन लावला. मागून बैलांच्या घुंगरांचा, हॉर्नचा आणि बँडचा एवढा गोंधळ येत होता की मुंबईहून बोलतोय असं वाटावं.

"भाऊ, थांबवा! बस झालं!"

"आता कसं थांबवू? पोट्टे आयकून नाई राह्यले. वरच्या पेठेतल्यायनं खालच्या पेठेतल्यायपेक्षा जास्त चकरा माराच्या म्हनून पैज लावली."

गुरुवारी तर कळसच झाला. रपट्यावर दोन बंड्यांची चाकं एकमेकांत अडकली. मागे ट्रॅक्टर, त्याच्यामागे बंड्या, त्याच्यामागे म्हशी, आणि करंजधरीच्या इतिहासात पहिल्यांदा वाहतूक ठप्प झाली. त्या ठप्प वाहतुकीच्या मधोमध रूपरावची काळीपिवळी होती आणि जीपमध्ये बापूजी होते, सेवाग्रामला निघालेले.

फोन येताच अच्युत ऑफिसातून मोटरसायकल काढून निघाला, तो पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. बापूजी जीपमध्ये दुपट्ट्याने वारा घेत बसले होते. पाय सुजायला लागले होते. चेहरा मात्र लग्नातल्या वरबापासारखा.

"आला का? पाह्य कशी गर्दी हाय," ते म्हणाले. "म्या त्या पोट्ट्याले सांगून ठेवलं, मले बी मोज, बे. मी खराच चाललो हाओ."

"वेळ निघून गेली, बापूजी. तिथला नंबर गेला तुमचा."

"जाऊ दे. पूल झाल्यावर जाऊ सारे नंबर लावून."

अच्युतने बाप मोटरसायकलवर घेतला, शेतातून काढला आणि रुग्णालयात नेला. तिथे हातापाया पडल्यावर रात्री कुठे मशीन मिळालं. तिथल्या नर्सने विचारलं, उशीर कशाने झाला? बापूजी म्हणाले, "ट्राफिक." ती हसली. करंजधरी कुठे आहे ते तिला माहीत होतं.

आणि मग, जे घडलंच नाही असं आपण धरलं आहे, ते घडलं. आकडे जिल्ह्याच्या कार्यालयात जोडले गेले आणि करंजधरीचा रस्ता पहिला आला. दुसरा आला तो रस्ता चौपदरी होता. शाल, नारळ, फोटो. रूपरावने पेढे वाटले. वेदश्री, म्हणजे अच्युतची बायको, पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "अहो, आता तरी बापूजींसाठी राखून ठेवलेली खोली मोकळी करू का? मुलीचा अभ्यासाचा टेबल ठेवता येईल." अच्युत म्हणाला, कर.

चौथ्या दिवशी प्रभाकररावांनी बोलावलं. या वेळी ते उभे होते.

"काय केलं तुम्ही लोकांनी?"

"सर, वर्दळ दाखवली."

"एवढी? अरे, ग्रामीण रस्त्याले एवढी वर्दळ असूच शकत नाही. आकडे टाकले तर संगणकानं लाल केलं. म्हणे, हा रस्ता ग्रामीण राहिलाच नाही. याची दर्जोन्नती करा, मोठ्या रस्त्यात घाला. अन् मोठे रस्ते आपल्याकडे नसतात. आपल्या यादीतून काढून टाक."

"मग ते दुसऱ्या खात्याकडे जाईल ना? ते पूल करतील?"

"हस्तांतरण झाल्यावर. हस्तांतरणासाठी त्यांना रस्ता सुस्थितीत द्यावा लागतो."

"पूल नाही म्हणून तो सुस्थितीत नाही."

"म्हणून ते घेणार नाहीत."

"मग आपण पूल करून देऊ."

"तो आता आपला नाही, अच्युत. जो रस्ता आपला नाही, त्याच्यावर आपण खर्च करू शकत नाही. ऑडिटवाले आपले कान कापतील."

अच्युतने एकदा नकाशाकडे बघितलं. डाग तिथेच होता.

"सर, मग सध्या तो रस्ता कुणाचा आहे?"

प्रभाकररावांना या प्रश्नाचं उत्तर देणं खरंच आवडलं असतं.  "सध्या," ते म्हणाले, "तो फार महत्त्वाचा रस्ता आहे."

संध्याकाळी अच्युतने यादी उघडली. करंजधरी - काटनाला, लहान पूल. ती ओळ त्याने दहा वर्षांत दहा वेळा टाइप केली होती. कधी तळाला, कधी तळाच्या जरा वर, पण होती. त्याने ती निवडली. बोट बटणावर ठेवून जरा थांबला, मग दाबलं. खालची सगळी गावं एकेक क्रमांकाने वर सरकली. त्यांतल्या कुणालाही काही कळलं नाही.

मृग लागला. नाला भरायच्या आधी अच्युत बापूजींना न्यायला गावात गेला. बापूजींनी वाद घातला नाही, आणि त्यामुळेच अच्युतला जास्त अवघड गेलं. त्यांनी घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि जीपमध्ये पुढे बसले. रूपराव गाडी चालवत होता. रपटा ओलांडताना तो म्हणाला, "माफ करजो, बापूजी. जास्तच झालं."

"तुहा नाई दोष," बापूजी म्हणाले. "कमी केलं तवाबी नाई भागलं, जास्त केलं तवाबी नाई. नेमकं किती लागते, हे त्यायले तरी कुठं माईत हाय."

वर्ध्यात, आर्वी नाक्याजवळच्या दुसऱ्या माळ्यावर मुलीचा टेबल पुन्हा हॉलमध्ये आला. डायलिसिसचा दिवस आता कधी चुकत नव्हता. ऑटो दारात येई. बापूजींना पाणी मोजून प्यावं लागे, म्हणून वेदश्री चहा छोट्या कपातून देई. ते गॅलरीत बसत आणि खालून जाणाऱ्या गाड्या बघत. एकदा तिने विचारलं, "बापूजी, करमत नाही का?"

"करमते नं. लय गाड्या हायत इथं. सारं प्राधान्यच जाऊन राह्यलं."

श्रावणातल्या एका गुरुवारी ते दवाखान्यातून आले, ऑटोतून उतरले आणि जिन्यापाशी थांबले. अच्युत पाठीमागे पिशवी घेऊन उभा होता. त्यांनी जिना बघितला, मग रस्ता बघितला. आंजीकडे जाणारी एसटी नुकतीच गेली होती.

"अच्युत, तू अर्ज चांगले लिहतो नं?"

"तेच करतो दिवसभर."

"मंग माहा एक लिही."

"पुलासाठी?"

"पूल नको आता. सोड त्याले."

"कोनाच्या नावानं लिहू?"

"ज्याचा नाला असंन त्याच्या."

"नाला कोनाचाच नाई, बापूजी. रस्ताबी नाई."

"तं सगळ्यायले लिही."

वर येऊन अच्युतने हॉलमधल्या टेबलावर कागद घेतला. बापूजी आतून सांगत होते आणि त्याचा हात सवयीने ते कार्यालयाच्या भाषेत उतरवत होता. दोनदा थांबून त्याने डोळ्यांवरून बाही फिरवली.  शेवटी बापूजींनी अंगठ्याला शाई मागितली. सही येत होती, पण त्यांच्या मते अंगठ्याला सरकारात जास्त मान होता. दुसऱ्या दिवशी अच्युतने तो कागद आवक विभागात स्वतः दिला. तिथल्या बाईंनी न वाचता शिक्का मारला.

*प्रति, ज्यांच्या अखत्यारीत हा विषय येत असेल ते सर्व (योग्य त्या मार्गे).*

*विषय : काटनाल्याच्या वाहण्याच्या वेळा निश्चित करणेबाबत.*

*महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा मौजा करंजधरी येथील कायम रहिवासी असून सद्यःस्थितीत तात्पुरत्या स्वरूपात मुलाकडे आहे. अर्जदाराची पुलाबाबत आता कोणतीही मागणी नाही. नाल्याविरुद्धही तक्रार नाही; तो जुना शेजारी आहे. तथापि अर्जदारास प्रत्येक सोमवारी व गुरुवारी रुग्णालयात जाऊन त्याच दिवशी स्वतःच्या घरी परत यावयाचे असते. सबब, सदर नाल्याने आठवड्यातील उर्वरित पाच दिवस आपल्या सोयीनुसार वाहावे. मात्र उक्त दोन दिवशी, सकाळी अर्जदार पलीकडे जाईपर्यंत आणि सायंकाळी घराचे कुलूप उघडेपर्यंत, त्याने वाहणे स्थगित ठेवावे, असे त्यास आपल्या स्तरावरून आदेशित करण्यात यावे, ही नम्र विनंती.*